माउलीच्या जागी कळशी

१

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, कोळझिरीच्या चर्चमध्ये बायकांनी पदर खोचले होते. कोणी बाकं पुसत होतं, कोणी फरशी. वर्षाचा मोठा सण, त्यात नव्या रंगाचा वास, त्यामुळे हातांपेक्षा तोंडंच जास्त चालली होती.

देवळाली प्रवरेकडून उसातून जो रस्ता आत वळतो त्याच्या टोकाला हे गाव. चर्च जुनं, दगडी. उपवासकाळाचे शेवटचे पंधरा दिवस इथल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडात झाकून ठेवतात. ख्रिस्ताच्या दुःखाचे दिवस, म्हणून डोळ्यांनाही उपास. कापड एकदा शिवून टाकलं की ईस्टरपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. ही रीत आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्यापासूनची आहे, आणि रीत मोडायची म्हटलं की कोळझिरीकरांच्या अंगावर काटा येतो.

साळूबाईंनी डावीकडच्या कोनाड्याशी स्टूल ओढलं. तिथं मतमाउली असते, मारिया मातेची हातभर उंचीची लाकडी मूर्ती. साळूबाईंनी टाके कात्रीनं कापले आणि कापड ओढलं. आत माउली नव्हती. पाण्याची कळशी उपडी ठेवलेली, आणि तिच्या बुडावर उपडा तांब्या.

साळूबाईंनी आधी छातीवर क्रूसाची खूण केली. मग मागं वळून म्हणाल्या, "अगं बया, माउलीची कळशी झाली की गं."

पितळी मेणबत्तीदान घासत बसलेल्या पुष्पावतीबाई अमोलिक उठल्या. बाई म्हणजे मिशनच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मं गाव त्यांच्याकडे बाराखडी शिकलं आणि उरलेल्या निम्म्यानं त्यांची छडी खाल्ली. कोण खोटं बोलताना कान चोळतो, कोण पायाच्या अंगठ्यानं माती उकरतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. चाळिशी-पन्नाशीची माणसं अजूनही त्यांच्यासमोर विडी लपवत.

"कोणी काही हलवू नका," बाई म्हणाल्या. "कापड घडी करू नका, झाडू मारू नका. फादरना बोलवा."

फादरच्या आधी आबासाहेब पठारे आले. आबासाहेब चर्चचा कारभार बघणाऱ्या धर्मग्राम समितीचे प्रमुख; गावात पाल पडली तरी पहिला निवाडा त्यांचा. त्यांनी रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर शिडीवर चढून खिडकीचा गज रंगवणाऱ्या माणसाकडे.

"ह्या आठवड्यात चर्चची किल्ली कुनाकडं हुती?" त्यांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. किल्ली अल्लाबक्ष रंगाऱ्याकडे होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतर, सोमवारी त्यानं काम धरलं, भिंती घासल्या, चुना काढला, रंग दिला. आवाज ऐकून तो आत आला. हातावर पांढरा रंग, गळ्यात रुमाल.

"मी नेली म्हनता? आबा, मला?"

"मी काय म्हनत न्हाई. किल्ली म्हनतीय," आबासाहेब म्हणाले. "उद्या सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेपर्यंत माउली जाग्यावर आली पायजे. न्हाई आली तर पोलिसात जानार."

अल्लाबक्षचं तोंड उतरलं. तो बाईंकडे वळला. "बाई, माझा धंदाच देवाच्या घरांचा हाय. मारुतीचं देऊळ मी रंगवतो, दर्गा मी रंगवतो, हे चर्च माझ्या बापानं रंगवलं. एकदा चोर म्हनलं तर मला कोन दारात उभं करील?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी हा पोरगा खोटं बोलताना डोळे मिटायचा. आता ते टक्क उघडे होते. पण पन्नाशीच्या माणसाला लहानपणीच्या खुणेवर सोडवता येत नाही, हे बाईंना समजत होतं.

"आबासाहेब, उद्या सकाळपर्यंतची मुदत तू दिलीस ना?" त्या म्हणाल्या. "मग तोवर तोंडाला कुलूप घाल. मी बघते काय ते."

२

बाईंनी शाळेच्या ओट्यावर बैठक मांडली. पहिल्यांदा आबासाहेबांनाच बसवलं. त्यांना हे अपेक्षित नव्हतं.

"तुला नवी मूर्ती पाहिजे होती. फायबरची, पुरुषभर उंचीची. नगरला जाऊन भाव काढून आलास. खरं की नाही?"

"खरं हाय," आबासाहेब म्हणाले. "जुनीचं नाक झिजलंय, बाई. पावन्यारावळ्यांसमोर बरं दिसत न्हाई. पन म्हनून मी चोरीन व्हय? जुनी मी माळ्यावर नीट ठेवनार हुतो. लेकरांची शपत."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. शाळेत असताना फळ्यावर खडूनं बाईंचंच चित्र काढलं होतं, तेव्हा ह्या गड्यानं कान चोळून लाल केला होता. आज कानाकडे हात गेला नाही. हा चिडखोर आहे, उतावळा आहे, पण हे त्याचं काम नाही, असं बाईंनी मनाशी ठरवलं.

मग आला अजिनाथ. हा हिंदू, शेजारच्या मळ्यातला. कोळझिरीत माउलीला नवस बोलायला जात आड येत नाही. पोर आजारी पडलं की सगळ्यांच्या बाया मेणबत्ती घेऊन येतात. अजिनाथची आई अंथरुणाला खिळलेली. माउली आमच्या घरी एकदा आणा म्हणून तो महिन्यापूर्वी फादरकडे गेला होता. फादर रविराज नवीन, तरुण, नियमाचे पक्के. त्यांनी सांगितलं की मूर्ती घरोघर न्यायची ती ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात. उपवासकाळात नाही.

"राग आला होता का?" बाईंनी विचारलं.

"आला हुता. खोटं कशाला बोलू," अजिनाथ म्हणाला. "पन आईच म्हनली, त्या मान्साला त्याची रीत पाळू दे. मग मी मोबाईलात माउलीचा फोटो काडला आन् आईच्या उशाशी लावला. ती रोज हात जोडती. बास झालं आमचं."

त्यानं फोटो दाखवला. झिजलेल्या नाकाची माउली, मागं कोनाड्याचा दगड. बाईंनी फोटो बघून मोबाईल परत दिला. दोघांना विचारून झालं आणि हाती भोपळा आला होता.

उरले फादर. त्यांच्याकडे बाई जरा नाखुशीनं गेल्या, कारण सकाळपासून एक गोष्ट त्यांना खटकत होती. फादर रविराज म्हणजे प्रश्नांचं पोतं. पंखा कोणी चालू ठेवला, गायनाच्या पुस्तकाचं पान कोणी दुमडलं, चपला वाकड्या कोणाच्या. आणि आज प्रत्यक्ष माउली गेली तरी, रिकामा कोनाडा बघून गेलेल्या ह्या माणसानं कोणालाही एक प्रश्न विचारला नव्हता.

फादर व्हरांड्यात उभे होते. हातातल्या निवलेल्या चहावर साय धरली होती.

"पोलिसात जायचं नाही, बाई," ते लगेच म्हणाले. "आणि आबासाहेबांना आवरा. अल्लाबक्षनं मूर्ती नेलेली नाही."

"कशावरून म्हणता, फादर?"

फादरनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कपाळावर घाम आला.

३

कन्फेशन म्हणजे काय हे कोळझिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ईस्टरच्या आधी प्रत्येकानं फादरसमोर आपलं पाप बोलून मोकळं व्हायचं. फादरनं ऐकलेलं त्यांच्या पोटात जातं, ते कायमचं. मान कापली तरी बाहेर काढायचं नाही. शब्दानं नाही, खुणेनं नाही, चेहऱ्यावरूनही नाही.

आणि हे पोर, पहिल्याच धर्मग्रामातलं, निर्दोष माणसावर आळ आलेला बघवेना म्हणून एक वाक्य जास्त बोलून गेलं होतं. त्याला ठाऊक होतं मूर्ती कोणाकडे आहे. बाईंना ते लख्ख कळलं, आणि आपल्याला कळलं हे फादरनाही कळलं.

"बाई," ते म्हणाले, "मी..."

"फादर, पुढं एक अक्षर बोलू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही एका गरीब माणसाची बाजू घेतलीत. चांगला पाद्री घेतोच. मी एवढंच ऐकलं."

फादरनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना त्यांची फार दया आली. पोटच्या पोरासारखा माणूस, तोंडात उत्तर आणि तोंडाला टाका.

आता बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ह्या पवित्र आठवड्यात फादर कोणाकोणाला भेटले, कुठंकुठं गेले, हे विचारत गेलं तर तासाभरात माणूस सापडला असता. पण ती वाट फादरच्या पापनिवेदनाच्या खुर्चीतून जात होती. त्या वाटेनं जाऊन अल्लाबक्षला सोडवला असता तर उद्या गावातलं एकही माणूस त्या खुर्चीपुढं गुडघे टेकायला धजलं नसतं. फादरचं तोंड आपण पाहिलंच नाही असं धरून चालायचं, आणि मूर्तीकडे दुसऱ्या वाटेनं पोचायचं, असं त्यांनी ठरवलं. वाट सापडली नाही तर अल्लाबक्ष बुडाला, हेही त्या जाणून होत्या.

त्या परत चर्चमध्ये गेल्या. साळूबाईंनी खरंच काही हलवलं नव्हतं.

४

बाई स्टुलावर बसल्या आणि कळशीकडे बघत राहिल्या.

"साळूबाई, ही कळशी आपलीच ना?"

"आपलीच की. वेदीवरच्या फुलांस्नी पानी घालायची. मागच्या खोलीत असती."

"मग हरवली हे कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही?"

"उपवासकाळात वेदीवर फुलं कुठं असत्यात, बाई? कळशीला कोन हात लावतंय."

बाईंनी मान हलवली. म्हणजे कळशी नेमकी आता कोणाला लागणार नाही, हे जाणणारा माणूस आतला होता. आणि दुसरी गोष्ट. चोर चोरी करून पळतो. जाताना मालाच्या जागी भांडी रचून वर नीट टाके घालत बसत नाही. हे ज्यानं केलं त्याला फक्त ईस्टरपर्यंतचा वेळ हवा होता. माउली परत आणून ठेवायचीच होती, काहीतरी आडवं आलं. पण आबासाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणणार, बाई, ह्या नुसत्या अटकळी.

त्यांनी जांभळं कापड उचललं. खालच्या कडेला मातीचा एक टणक गोळा चिकटला होता, अर्धाच. त्या वाकल्या. कोनाड्याच्या दगडावर त्याचा दुसरा अर्धा होता. कुंभारीण माशीचं घर. चिखलाचे गोळे आणून ही माशी कोपऱ्यात घर लिंपते. एकदा वाळलं की दगडासारखं. कापडाच्या दोन कडा जिथं मिळत होत्या नेमकं तिथं, कापड आणि दगड एकत्र धरून तिनं घर बांधलं होतं.

"कापड ओढताना काही तुटलं का गं?"

"व्हय. कटकन आवाज आला. मला वाटलं टाका ऱ्हायला."

बाईंनी चष्मा पुसला आणि मातीच्या गोळ्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. दगडावरच्या अर्ध्यावरही तीच. भिंती घासताना उडालेला चुना. अल्लाबक्षनं सोमवारी भिंती घासल्या, तेव्हा तो उडून सगळीकडे बसला, आणि ह्या घरावरही बसला. म्हणजे सोमवारी हे घर आधीच बांधून तयार होतं. आणि आज सकाळी साळूबाईंनी ओढेपर्यंत ते अखंड होतं. अल्लाबक्षनं चर्चमध्ये पाऊल टाकलं त्याआधीपासून ह्या कापडाची कड कोणी उचललेलीच नव्हती.

माउली कापडाखालून गेली नव्हती. ती कापडाखाली कधी आलीच नव्हती.

"साळूबाई," बाईंचा आवाज बारीक झाला, "यंदा कापडं कोणी शिवली?"

"दर साली कोन शिवतं? सत्यशीला. शिवली आन् त्याच दुपारी नगरला गेली न्हाई का, सुनेच्या बाळंतपनाला."

बाई स्टुलावरून उठल्या नाहीत. सत्यशीला म्हणजे त्यांची जिवाभावाची मैत्रीण. माउलीपुढं दिवा लावल्याशिवाय चहा न पिणारी बाई. गावानं तिच्यावर संशय घेतला नाही, कारण तो कोणाच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. बाईंनाही तो नकोसा झाला.

५

दुपारच्या एसटीनं बाई नगरला पोचल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात सत्यशीला जपमाळ घेऊन भिंतीला टेकून बसली होती. दोन आठवड्यांत ती निम्मी झाली होती.

"लेकरू कसंय गं?" बाईंनी आधी ते विचारलं.

"काचेच्या पेटीत हाय. दिवस भरायच्या आधी आलं. काल पुन्हा श्वास अडकला हुता." तिनं बाईंकडे पाहिलं. "तू त्याच्यासाठी आली न्हाईस, पुष्पे. कोनाडा उघडला ना?"

बाईंनी मान डोलावली. सत्यशीला त्यांना आत घेऊन गेली. खाटेवर मोनिका होती, तिची सून, चेहरा पांढराफटक. उशाशी छोट्या गोधडीत काहीतरी गुंडाळलेलं, आणि गोधडीतून झिजलेलं लाकडी नाक दिसत होतं.

"मी कापड शिवायला बसले आन् फोन आला," सत्यशीला सांगू लागली. "मोनिकाला गाडीत घातलं, जीव धोक्यात हाय म्हनून. माउली माझ्या मांडीवर. मनात आलं, आता पंधरा दिवस हिला झाकून ठेवायचं. कोन हिच्याकडं बघनार न्हाई, ही कुनाकडं बघनार न्हाई. मग तिथं अंधारात उभी ऱ्हाऊन करायचं काय तिनं? हिथं तिचं काम हाय. विचारलं असतं तर फादर नको म्हनले असते. फादर मोनिकाला बघायला हिथं आले, तवा त्यांच्यापुढं पाप बोलून मोकळी झाले. सनाच्या आधी गुपचूप ठेवून येनार हुते. काल निघाले बी हुते, तर लेकराचा श्वास गेला. मग पाय निघंना."

"सत्यशीले, अल्लाबक्षवर आळ आलाय."

सत्यशीलाच्या हातातली जपमाळ खाली पडली. "कुनावर?"

"किल्ली त्याच्याकडे होती. उद्या पोलिसात जाणार आहेत."

"मला ठावं असतं तर मी चालत आले असते गं. देवाशप्पथ, मला ठावंच नव्हतं." ती रडायला लागली. तोंडावर पदर धरून, दवाखान्यात आवाज होऊ नये अशी.

मोनिका जागी होती. तिनं गोधडी बाईंकडे सरकवली. "न्या, बाई. आमच्यापायी त्या मान्साचं वाईट नको व्हायला."

बाईंनी गोधडीवर हात ठेवला. मूर्ती घेऊन संध्याकाळच्या गाडीनं जायचं, कोनाड्यात ठेवायची, कोणी ठेवली कळू द्यायचं नाही. चमत्कार झाला म्हणून गावानं घंटा वाजवली असती. मैत्रिणीची अब्रूही राहिली असती. हा मोह बाईंना झाला, आणि चांगला घटकाभर झाला. पण मग आबासाहेब म्हणाले असते, घाबरला आणि परत आणून ठेवली. अल्लाबक्षच्या कपाळावरचा डाग जन्मभर राहिला असता.

त्यांनी गोधडी मोनिकाच्या उशाशी परत ढकलली.

"माउली राहू दे इथं," त्या म्हणाल्या. "सत्यशीले, कोनाड्यात मूर्ती नसली तरी उद्या चालेल. तू मात्र पाहिजेस. सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडानं."

६

रात्रीची मिस्सा रिकाम्या कोनाड्यासमोरच झाली. रविवारी सकाळी चर्च पुन्हा गच्च भरलं. निम्मे लोक ख्रिस्त उठला म्हणून आले होते आणि निम्मे आबासाहेब काय करतात ते बघायला. अल्लाबक्ष आणि त्याची बायको फरीदा बाईंच्या सांगण्यावरून दाराशी उभे होते. फरीदानं नवऱ्याची बाही घट्ट धरली होती.

शेवटच्या आशीर्वादाआधी बाई उभ्या राहिल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या त्याच आवाजात त्यांनी मातीचे दोन अर्धे गोळे दाखवले, त्यावरचा चुना दाखवला, कुंभारणीनं घर कधी बांधलं असलं पाहिजे ते समजावलं. "अल्लाबक्षनं काम धरलं त्याच्या आधीपासून हे कापड बंद होतं," त्या म्हणाल्या. "आबासाहेब, शंका असेल तर पुढं येऊन बघ."

आबासाहेब पुढं आले. गोळा उलटासुलटा करून पाहिला, बोट घासलं, चुना पाहिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सत्यशीला उठली. पहिल्या एसटीनं ती आली होती, अंगावर कालचंच लुगडं. वेदीजवळ जाऊन ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि जे झालं ते सगळं बोलली. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. शेवटी दाराकडे वळून तिनं हात जोडले.

"अल्लाबक्ष, माझ्या लेकरासाठी मी तुझं नाव मातीत घातलं. ठावं नव्हतं, पन घातलं. मला पदरात घे."

फादर रविराज खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

चर्चमध्ये कुजबुज उठली. माउली आणायला गाडी कधी पाठवायची, कोनाड्यात ठेवताना फादर पुन्हा आशीर्वाद देणार का, गायनमंडळानं कोणतं गाणं म्हणायचं. आबासाहेबांनी खाकरून सगळ्यांना गप्प केलं. "म्या सगळ्यांसमोर बोललो हुतो," ते म्हणाले, "सगळ्यांसमोर मागं घेतो. अल्लाबक्ष, चुकलं माझं." एवढं बोलताना त्यांना जड गेलं, पण बोलले.

आता सगळं चर्च दाराकडे बघत होतं. अल्लाबक्षनं पायातल्या चपला काढल्या. फरीदाचा हात हळूच सोडवला आणि बाकांच्या मधल्या वाटेनं चालत तो सत्यशीलासमोर येऊन उभा राहिला. त्यानं आबासाहेबांकडे पाहिलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "लेकरू कसं हाय?"

चर्चमधल्या एवढ्या माणसांत आज हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. सत्यशीलानं त्याचा हात धरला.

"आज पहाटं," ती म्हणाली, "आईचं दूध प्यालं."